एकतारींचा तिसरा गडी

एवाल्ड बटाटे सोलता सोलता खेळाच्या मंडळातल्या योर्डिसबाईंची नक्कल करत होता. नक्कल त्याला चांगली साधायची. मान ताठ, ओठ मुडपलेले, आणि हातातली सुरी खडूसारखी धरलेली.

"'एवाल्ड, गोळा हातातून सुटेपर्यंत पाय रेषेच्या आत हवा. नियम तुम्हाला वाचता येतात ना, की...'"

वाक्य तिथेच राहिलं. कार्ना टेबलापलीकडे खारवलेल्या हेरिंग माशांच्या बरणीचं झाकण उघडत होती. तिला वाटलं, बाबा पुढचा शब्द आठवतोय. मग सुरी फरशीवर पडली. तिने वर पाहिलं तेव्हा तो कपाटाला पाठ घासत हळूहळू खाली बसत होता. डोळे उघडे, चेहरा पिठासारखा पांढरा. ती टेबलाला वळसा घालून पोचली तोवर त्याच्या गालांवर रंग परतलाही होता.

"जरा बसलो," तो म्हणाला.

"फरशीवर?"

"खुर्ची लांब होती."

"बाबा, खुर्ची तुझ्या मागेच आहे."

"मग ती पुढे असायला हवी होती." त्याने सुरी उचलली, पॅन्टला पुसली, आणि खाली बसल्या बसल्याच वाक्य पुरं केलं. "'...की परत पहिलीत बसवू?' असं म्हणाल्या. सगळ्यांदेखत."

कार्ना हसली नाही. दारामागच्या खुंटीवरून गाडीची किल्ली काढून तिने आपल्या पर्समध्ये टाकली. एवाल्डने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एवाल्डच्या छातीत डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढी डबी होती आणि तिच्यातून निघालेली एक तार हृदयाच्या वरच्या कप्प्यात उतरली होती. बरीच वर्षं झाली त्याला. डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं की हृदय म्हणजे दोन मजली घर. वरच्या मजल्यावरून हाक सुटते, खालचा मजला ओ देतो, की झाला एक ठोका. एवाल्डच्या वरच्या मजल्यावरचा हाक मारणारा आळशी झाला होता, खालची मंडळी मात्र ठणठणीत होती. अशा माणसाला वरच्यापुरती एक तार पुरे, की पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून खालीही एक सोडावी, हे डॉक्टरांनाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी शेकडो रोग्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. काहींना एक तार, काहींना दोन. आणि मग कुणाचा ठोका वर्षानुवर्षं सरळ चालतो, कुणाचा भरकटतो, ते बघत बसले.

एवाल्डची चिठ्ठी एका तारेची निघाली आणि तो खूश झाला. सगळं आयुष्य त्याने लोकांच्या घरांत विजेच्या तारा ओढण्यात घातलं होतं. "जिथे एक ओढून भागतं तिथे दोन ओढणारा कारागीर," तो म्हणायचा, "एकतर घाबरट, नाहीतर बिल फुगवणारा."

तपासणीला दरवर्षी तीच ती माणसं भेटू लागली. या देशात तीन माणसं एका झाडाखाली पावसात अडकली, तर पाऊस थांबायच्या आत त्यांचं मंडळ निघतं, अध्यक्ष होतो, खजिनदार होतो आणि नियमावलीचा मसुदा तयार होतो. इस्पितळाच्या बाकावर तर पावसाहून जास्त वेळ बसायला लागायचं. तेव्हा 'ठोका' मंडळ निघालं. एबेलटॉफ्टच्या बंदरामागे खडीचं मैदान होतं, तिथे दर गुरुवारी लोखंडी गोळ्यांचा खेळ सुरू झाला. एकतारी विरुद्ध दुतारी. लाकडी गोटीच्या सगळ्यात जवळ ज्याचा गोळा, त्याचा गुण. आणि पाच जूनला, घटनादिनी, वार्षिक सामना, मग कॉफी आणि केक.

नियमावलीतल्या एका कलमात लिहिलं होतं की एकतारी तोच, ज्याच्या छातीत एकच तार आहे. आणखी एकात लिहिलं होतं की सामन्याच्या दिवशी ज्या संघाकडे तीन गडी नसतील तो संघ बरखास्त. लिहिताना ही दोन कलमं कुणाला एकमेकांशेजारी वाचावीशी वाटली नव्हती. पण वर्षं सरली तसा काही एकतारींचा खालचा मजलाही बहिरा होत गेला, त्यांना दुसरी तार बसली, आणि नियमाप्रमाणे ते पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. उलट दिशेने कुणी येत नव्हतं. बसलेली तार कोण काढतो? आता एकतारींकडे उरले होते तिघं. बेकरीवाली ओडा, मासेमार विलुम, आणि एवाल्ड.

जेवण झाल्यावर एवाल्ड डुलकी काढायला गेला, आणि कार्ना मागच्या अंगणात रेवाचिनीचे लाल देठ कापायला. कुंपणापलीकडे थोर्किल शिडीवर उभा होता. तो एवाल्डचा शेजारी, जुना दोस्त, आणि आताशा फितूर.

"पडला ना?" थोर्किलने शिडीवरूनच विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या चेहऱ्यावरून. मागच्या गुरुवारी बंदरावर दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा होता. मी म्हटलं, काय रे, काय झालं? तर म्हणे, खांब हलतोय का ते बघतोय."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? तो माझ्याशी बोलायला लागून कुठे वर्ष होतंय." थोर्किल खाली उतरला आणि कुंपणावर कोपर टेकून उभा राहिला. "मला दुसरी तार बसली तेव्हा सकाळी गेलो, दुसऱ्या दिवशी घरी आलो. काही नाही गं, दात काढण्याइतकंच. घरी येऊन बघतो तर दाराला माझी एकतारींची टोपी अडकवलेली, वर चिठ्ठी, 'आता ही तुझ्या मापाची नाही.' तुझ्या आईने त्याला कान धरून माफी मागायला आणलं. तरी तोंड फुगलेलंच."

कार्नाने आणखी एक देठ कापला. आई गेली त्याला आता सात-आठ महिने होत होते. पेपर आला की बाबा अजूनही त्याचे दोन भाग करून शब्दकोड्याचं पान समोरच्या जागी ठेवायचा. त्याविषयी दोघंही बोलत नसत.

"त्याला ठाऊक आहे ना, त्याला काय होतंय ते?"

"तारेचा धंदा केलाय त्याने. माझ्याआधी त्याला कळलं असेल," थोर्किल म्हणाला. "पण डबीची तार वरच्या मजल्यावर. खाली काय चाललंय ते डबीला दिसत नाही. तो बोलला नाही तर कळणार कुणाला?"

"त्या गोळ्यांच्या खेळासाठी जीव घालवणार का तो?"

थोर्किलने डोकं खाजवलं. "खेळासाठी असं नाही," तो म्हणाला, आणि शिडी उचलून निघून गेला.

तपासणीची तारीख पुढच्याच सोमवारी होती. कार्नाने ग्रंथालयातून सुट्टी घेतली. तिची गाडी ऑर्हूसच्या रस्त्याला लागली तसा एवाल्ड म्हणाला, "तिथे तू तोंड उघडायचं नाहीस."

"का?"

"कारण तू तोंड उघडलंस की डॉक्टर दुसरी तार घालणार. दुसरी तार घातली की आमचे उरले दोघं. दोघं उरले की संघ गेला. संघ गेला की दुतारी खेळणार कुणाशी? मंडळच बंद."

"बंद होऊ दे."

"आणि गुरुवारी मी काय करू?"

हे त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं. दोन्ही बाजूंना राईची पिवळी शेतं होती. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "आणि शनिवारी मी काय करू?"

"म्हणजे?"

"दर शनिवारी मी इथवर गाडी चालवत येते. तू नसलास तर शनिवारी मी कुठे जायचं, बाबा?"

एवाल्डने खिडकीबाहेर पाहिलं. 

"यंदा राई बरी आलीय," तो म्हणाला.

डॉक्टर सिसेल पहिल्यापासून या रोग्यांना बघत होती. तेव्हा ती शिकाऊ होती, आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. मंडळाच्या कॉफीला ती दरवर्षी यायची. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "सिसेल, सांग ना, कोण पुढे आहे? एकतारी की दुतारी?" आणि ती दरवर्षी म्हणायची, "केक छान झालाय."

"काय एवाल्ड, कसं काय?"

"तक्रार करण्यासारखं काही नाही."

"चक्कर?"

"सांगण्यासारखी नाही."

सिसेलने चष्मा काढला. "एवाल्ड, मीसुद्धा इथलीच आहे. 'तक्रार करण्यासारखं काही नाही' म्हणत माझा आजोबा मोडक्या पायाने दोन दिवस गवत कापत होता. कार्ना, तू सांग."

कार्नाने बाबाकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं.

"मला बोलायला बंदी आहे," कार्ना म्हणाली.

"अस्सं. म्हणजे आहे काहीतरी." सिसेलने त्याला खाटेवर झोपवलं, हातापायांना तारा लावल्या आणि छातीवर इस्त्रीएवढं एक यंत्र ठेवलं. "आता मी वरच्या मजल्यावरून जरा भराभर हाका मारणार आहे. खालून ओ येते का बघू. दरवर्षीचंच."

पडद्यावर हिरवी रेघ धावत होती. कार्नालाही ती वाचता येऊ लागली. आधी छोटी टेकडी, मागोमाग उंच सुळका. टेकडी, सुळका. टेकडी, सुळका. सिसेलने काटा फिरवला तशा टेकड्या जवळजवळ आल्या. सुळके त्यांच्यामागे धावत होते, थोडे रेंगाळत, धापा टाकत. मग एक सुळका आला नाही. मग परत आला. आणि मग नुसत्या टेकड्याच टेकड्या, मागे सपाट रेघ.

सिसेलचा हात लगेच काट्यावर गेला. टेकड्या दूर झाल्या. सपाट रेघ आणखी थोडी धावली, आणि एक सुळका उभा राहिला. मग दुसरा. कार्नाने खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखू लागली.

एवाल्डने डोळे मिचकावले. "कर सुरू," तो म्हणाला. "मला जेवायला घरी पोचायचंय."

"सुरू होऊन संपलंसुद्धा," सिसेल म्हणाली. "तू मध्ये जरा बाहेर जाऊन आलास. खालून ओ येईनाशी झालीय, एवाल्ड."

"वय झालं. ऐकायला कमी येत असेल."

"हो ना. म्हणून आता खाली स्वतः जाऊन सांगणारं कुणीतरी हवं. दुसरी तार. शुक्रवारी ये."

"घटनादिनानंतर बघू."

"शुक्रवारी. खरं तर आजच ठेवून घेतलं असतं."

"पाच जूननंतर," एवाल्ड म्हणाला आणि सदऱ्याची बटणं लावू लागला, चुकीच्या काजात.

आता कार्नाला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. ती दोन कलमं, तीन गडी, थोर्किलची टोपी, दिव्याचा खांब. सिसेल आधी हसली. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"थांब थांब. तुम्ही थोर्किलला एकतारींतून काढलंत?"

"त्याच्यात दोन तारा आहेत," एवाल्ड म्हणाला.

"असू देत. माझ्याकडे तो एकतारीच आहे."

"तो कसा काय?"

"त्याची चिठ्ठी एका तारेची निघाली होती ना? मग तो मरेपर्यंत एकतारी. मागाहून कुणाच्या छातीत काय गेलं, काय आलं, त्याने काही फरक पडत नाही. ज्याची जी चिठ्ठी, तो त्या बाजूचा. आम्ही असंच मोजतो."

"हा काय न्याय झाला?" एवाल्डने विचारलं. पण त्याचे हात बटणांवरच थांबले होते.

सिसेल स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "हे बघ. एका तारेवर ज्यांचं बिघडलं त्यांना मी उचलून दुतारींत टाकलं, तर एकतारींत कोण उरेल? ज्यांचं काहीच बिघडलं नाही ते. मग मी जगाला सांगणार, बघा, एकतारी सगळे कसे टुणटुणीत! म्हणजे एखाद्या शाळेने नापास पोरं शेजारच्या शाळेच्या पटावर टाकायची आणि आपला निकाल शंभर टक्के लावायचा, तशातली गत. बिघडलेल्यांना धरूनच मोजायचं. तेव्हा कुठे एका तारेची खरी किंमत कळते."

"म्हणजे थोर्किल..."

"एकतारी."

"आणि तो गिरणीवाला? आणि त्या दोघी बहिणी?"

"तुमच्या चिठ्ठ्या तुमच्यापाशी, मी नावं घ्यायची नाहीत. पण ज्याची चिठ्ठी एकाची, तो एकतारी."

एवाल्डच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरू लागलं. "म्हणजे इतकी वर्षं," तो म्हणाला, "दुतारी आमच्याच माणसांच्या जोरावर जिंकतायत!"

अडचण एवढीच होती की कलम बदलायचं तर सर्वसाधारण सभा हवी, सभेची सूचना पंधरवडा आधी द्यायला हवी, आणि ठरावाला दोन तृतीयांश मतं हवीत. घरी आल्या आल्या एवाल्डने अध्यक्षांना, म्हणजे योर्डिसबाईंना, फोन लावला. योर्डिसबाई गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. साऱ्या देशाने एकमेकांना 'तू' म्हणायला सुरुवात केली त्यालाही जमाना झाला, पण त्या अजून सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या आणि ऐकायच्याही 'तुम्ही'च. शिवाय त्या दुतारींच्या कर्णधार.

"सूचना मिळाली," त्या म्हणाल्या. "सभा पाच जूनला, सामन्याआधी. त्याआधी घेता येणार नाही."

"योर्डिसबाई, माझं शुक्रवारी आहे हो."

"मग शुक्रवारी जाऊन या."

"आणि ठराव पडला तर?"

"तर तुम्ही दुतारी. आमच्याकडे टोपीचं माप काय लिहू?"

एवाल्डने फोन ठेवला. कार्ना सोफ्याच्या टोकावर बसून होती. आज परत जायची तिला तशी घाई नव्हती, पण त्याने विचारलं असतं तर तिने घाई आहे असं सांगितलं असतं. त्याने काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्याने कॉफी केली, दोन कप आणले, तिच्यासमोर एक ठेवला.

"शुक्रवारी मला कोण सोडणार?" तो म्हणाला. "किल्ली तुझ्या पर्समध्ये आहे."

शुक्रवार थोर्किलने सांगितल्यासारखाच गेला. सकाळी गेले, दुसऱ्या दिवशी परत. जुन्याच जागेवर नवा टाका, नवी डबी, दोन तारा. भूल फक्त खांद्यापुरती होती, त्यामुळे एवाल्ड अख्खा वेळ सर्जनला जोडणीच्या सूचना देत होता असं नर्सने कार्नाला सांगितलं. डावा हात महिनाभर खांद्याच्या वर न्यायचा नाही, अशी ताकीद मिळाली. दाराशी आल्यावर एवाल्डने आधी कुंपणाकडे नजर टाकली. त्याच्या दाराला टोपीबिपी काही नव्हती. पायरीवर माशांच्या वड्यांचं झाकलेलं ताट होतं.

"बऱ्या दिसतायत," तो म्हणाला. थोर्किलच्या घराच्या दिशेने त्याने उजवा हात किंचित हलवला. त्या दोघांमध्ये एवढं पुरेसं होतं.

पाच जूनला बंदरावर झेंडे लागले होते आणि वारा असा सुटला होता की टेबलावरचे कागदी कप गोळ्यांनी दाबून ठेवावे लागले. सभा मैदानाशेजारच्या लाकडी खोलीत भरली. कार्नाला मत नव्हतं. ती सिसेलशेजारी, केकच्या टेबलामागे उभी राहिली.

एवाल्डने ठराव मांडला, थोर्किलने अनुमोदन दिलं, आणि दुतारींकडचा एक जाडजूड माजी खाटीक ताडकन उभा राहिला.

"हा डाव आहे! आमचे चांगले चांगले गडी पळवायचा डाव!"

"तुमचे?" ओडा म्हणाली. "आमच्या घरून नेलेत, इतकी वर्षं वापरलेत, आणि आता तुमचे?"

"छातीत दोन तारा आणि टोपी एकतारींची! लोक हसतील."

"तुला हसतातच आहेत," विलुम म्हणाला. विलुम वर्षाला साधारण एवढंच बोलायचा, त्यामुळे टाळ्या पडल्या.

"शांतता," योर्डिसबाई म्हणाल्या. "प्रस्तावकांना आणखी काही बोलायचंय?"

एवाल्ड उठला. भाषण त्याने कागदावर लिहून आणलं होतं. पण वाऱ्याने की घाईने, कागद घरी राहिला होता.

"योर्डिसबाई," तो म्हणाला, "तुमच्या शाळेत एखादं पोर नापास झालं, तर त्याला शेजारच्या शाळेच्या पटावर टाकायच्या का तुम्ही?"

"असली शाळा मी बंद पाडली असती."

"आपण ती बारा-तेरा वर्षं चालवतोय," एवाल्ड म्हणाला आणि खाली बसला.

खोलीत जरा चुळबुळ झाली. सिसेलने केक कापायला घेतला, कुणाकडे न बघता. योर्डिसबाईंनी ठराव मताला टाकला. हात वर झाले. एवाल्डने चुकून डावा उचलला, कार्ना टेबलामागून ओरडली, "बाबा, उजवा!" आणि सगळे हसले. खजिनदाराने मोजलं, परत मोजलं.

"एक कमी पडतंय," तो म्हणाला. "दोन तृतीयांशला एक कमी. अध्यक्षांनी अजून मत दिलेलं नाही."

एवाल्डने मान खाली घातली. दुतारींच्या कर्णधाराचं मत आपल्या बाजूने पडेल अशी आशा धरण्याइतका तो खुळा नव्हता. कार्नाला त्याची मान मागून दिसत होती, नव्याने कापलेले केस आणि त्याखालची कोवळी गुलाबी कातडी. तो जिवंत होता, कालपेक्षा बरा होता. तिने स्वतःला सांगितलं, एवढं पुरे. पण तिला आता ते मतही हवं होतं.

योर्डिसबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्षांचा एखाद्या ठरावात स्वतःचा संबंध असेल, तर मत देण्याआधी त्यांनी तो सांगावा असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "माझी चिठ्ठी एका तारेची निघाली होती."

कुणीतरी कप खाली ठेवला.

"टेबलावर घेतल्यावर डॉक्टरांनी तपासलं, तर माझ्या खालच्या मजल्याचं तेव्हाच काही खरं नव्हतं. म्हणून लगेच दोन घातल्या. मी दोन तारा मोजल्या आणि दुतारींच्या बाकावर जाऊन बसले. तेव्हा कलम तसंच होतं. कलमाप्रमाणे मी बरोबर होते."

"म्हणजे," खाटीक चाचरत म्हणाला, "ठराव झाला तर तुम्ही त्यांच्या?"

"ठराव झाला तर."

"मग तुम्ही विरुद्धच मत देणार ना?"

योर्डिसबाईंनी त्याच्याकडे जसं पाहिलं, तसं पूर्वी त्या गृहपाठ न आणणाऱ्यांकडे पाहायच्या. "मोजणी चुकीची आहे हे कळल्यावर?" त्या म्हणाल्या, आणि हात वर केला.

एवढा आरडाओरडा त्या खोलीत पूर्वी झाला नव्हता. ओडाने विलुमला मिठी मारली, विलुम लाल झाला. थोर्किल टेबलावरून हात लांबवून एवाल्डचा हात हलवत राहिला आणि दोघंही खिडकीकडे बघत होते. सहा माणसं उठली आणि खुर्च्या फरफटवत पलीकडच्या बाकाकडे आली. सगळ्यात शेवटी योर्डिसबाई, पाठ ताठ, आपली खुर्ची उचलून, न फरफटवता.

"आता संघ ठरवू," बसल्या बसल्या त्या म्हणाल्या. "तीन गडी. थोर्किल. ओडा. आणि मी."

एवाल्डने वाट पाहिली. मग म्हणाला, "आणि मी?"

"तुम्ही राखीव."

"राखीव? बाई, हा ठराव माझा! हा संघ मी वाचवला!"

"तुमचे टाके ओले आहेत."

"मी उजव्या हाताने खेळतो!"

"तोल डाव्याने सांभाळता. मी इतकी वर्षं समोरून बघत आलेय. बाकावर बसा."

दुपारभर एवाल्ड बाकावर बसून होता, मांडीवर घोंगडी, हातात केकची बशी, शेजारी कार्ना. बारा वर्षांत पहिल्यांदा एकतारी पुढे होते आणि त्याला एकही फेक पसंत नव्हती.

"बघ, बघ. ही काय फेकायची तऱ्हा? थोर्किल! गुडघा वाकव, गुडघा! त्याला दुसरी तार बसली, पण अक्कल बसवायची राहिली. आणि या बाई. बघितलंस? पाय रेषेवर! रेषेवर पाय!"

"राखीव खेळाडूंनी शांत बसावं," योर्डिसबाई मैदानातून म्हणाल्या. "नियम आहे."

"कितवं कलम?"

"आज मांडते."

एवाल्ड कार्नाकडे झुकला. "दुसरी तार परवडली," तो पुटपुटला, "पण ही बाई आमच्याच संघात! पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला मीच उभा राहतो. तू प्रचार करायचास. घरोघर फिरावं लागेल, आतापासून सांगून ठेवतो."

"पुढच्या वर्षी?" कार्नाने विचारलं.

"हो, पुढच्या वर्षी. का, तुला तेव्हा काही काम आहे?"

"नाही," कार्ना म्हणाली. "काही काम नाही."